हंगामाच्या शेवटी महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांची क्रमवारी कशी लावावी

तुरीची सोंगणी सुरू झालेली असते, कापसाची शेवटची वेचणी चालू असते आणि महाविद्यालयांचा बास्केटबॉलचा हंगाम संपत आलेला असतो, अशा जानेवारीच्या दिवसांत आमच्या विदर्भातील काही क्रीडा संचालक, पंच आणि जुने खेळाडू एक कागद भरतात. कागदावर दहा ओळी असतात. पहिल्या ओळीतील संघाला दहा गुण, दुसऱ्या ओळीतील संघाला नऊ, असे करत दहाव्याला एक गुण मिळतो आणि सर्वांच्या कागदांची बेरीज झाली की ग्रामीण महाविद्यालयांतील पहिले दहा संघ ठरतात. या क्रमवारीला चषक नाही की प्रमाणपत्र नाही. पण आर्णीच्या किंवा देवळीच्या मुलांना आपला संघ शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांत कुठे उभा आहे हे सांगणारे दुसरे काहीही नसते, म्हणून हा कागद जपून भरला पाहिजे असे मला मनापासून वाटते. यंदा प्रथमच मत देणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसाठी माझी पद्धत येथे लिहीत आहे.

ही रीत आम्ही अमेरिकेतून घेतली आहे. तेथे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९४८-४९ च्या हंगामापासून पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलची क्रमवारी मतदानाने लावत आली आहे. आम्हांला मात्र जवळचे उदाहरण वाटते ते तेथील डिव्हिजन थ्रीचे. १९७३ साली सुरू झालेल्या या गटात चारशेहून अधिक लहान महाविद्यालये आहेत आणि त्यांना खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देता येत नाही. मुले शिकायला येतात आणि खेळतात. या संघांची क्रमवारी ‘डीथ्रीहूप्स’ हे संकेतस्थळ लावते. प्रशिक्षक, महाविद्यालयांचे क्रीडा माहिती अधिकारी आणि पत्रकार असे देशभरातील पंचवीस मतदार प्रत्येकी पंचवीस संघ लिहितात, पहिल्याला पंचवीस व शेवटच्याला एक गुण मिळतो, आणि सर्वांनी एकाच संघाला पहिले ठेवले तर त्याचे ६२५ गुण होतात. चारशे संघांचे सामने पाहणे कोणाही एका माणसाच्या आवाक्यातले नाही. तेथील मतदारापुढची खरी अडचण हीच आहे आणि आपल्यापुढचीही हीच आहे. त्या क्रमवारीचा राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीवर परिणाम होत नाही. चौसष्ट संघांच्या त्या स्पर्धेसाठी वेगळे निकष असतात. तरीही मतदार ते काम गांभीर्याने करतात.

गुण देण्याच्या या रीतीचा एक गुणधर्म आधी नीट समजून घ्यावा. अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती ज्यां-शार्ल द बोर्दा याच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्यात प्रत्येक कागदाचे वजन सारखेच असते. समजा आपण पाच जण मत देत आहोत. एका संघाला चौघांनी तिसरा क्रमांक दिला आणि पाचव्याने त्याचे सामने पाहिले नाहीत म्हणून नावच लिहिले नाही, तर त्याचे आठ चोक बत्तीस गुण होतात. दुसऱ्या संघाला पाचही जणांनी चौथा क्रमांक दिला, तर त्याचे सात पंचे पस्तीस. म्हणजे चौघांना जो संघ सरस वाटला, तो एका माणसाच्या अनभिज्ञतेमुळे खाली गेला. ज्या संघाविषयी आपल्याला माहिती नाही त्याचे नाव गाळणे म्हणजे त्याला शून्य गुण देणे होय, हे ध्यानात ठेवून मत देण्याच्या आधीच्या आठवड्यात तेवढ्यासाठी दोन फोन करावेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हंगामाच्या शेवटची यादी नेहमी कोऱ्या कागदावर सुरू करावी. मागच्या पंधरवड्याची यादी समोर ठेवून जो हरला त्याला दोन घरे खाली सरकवायचे आणि त्याच्या खालच्यांना वर घ्यायचे, ही सवय बहुतेक मतदारांना असते आणि मलाही ती बरीच वर्षे होती. त्यामुळे ऑगस्टमध्ये केवळ नावलौकिकावरून वर बसवलेला संघ जानेवारीपर्यंत वरच राहतो आणि तळातून आलेल्या संघाला कितीही जिंकले तरी एकेक पायरीच चढता येते. जुनी यादी कपाटात ठेवावी, नवी पूर्ण करावी आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. एखादा संघ चार-पाच घरे हलला असेल तर तो का हलला हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते वाक्य सुचत नसेल तर चूक कुठल्या तरी एका यादीत आहे, आणि ती जुन्या यादीत असण्याची शक्यता अधिक असते.

कोऱ्या कागदाच्या आधी वही लागते. प्रत्येक संघाला एक पान द्यावे. त्यावर तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान कोणाचे आणि गुणसंख्या एवढेच लिहावे. आपल्याकडे ही माहिती जमवणे सोपे नाही, कारण विदर्भाचे अकरा जिल्हे तीन विद्यापीठांत वाटले गेले आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. आणि २०११ पासून चंद्रपूर व गडचिरोली हे गोंडवाना विद्यापीठात. देवळी आणि कळंब यांच्यामध्ये वर्धा नदीचे पात्र तेवढे आहे, पण अलीकडच्या महाविद्यालयाचा संघ एका विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो आणि पलीकडचा दुसऱ्याच्या. वणी आणि वरोरा यांचेही तसेच. हे संघ अधिकृत स्पर्धेत एकमेकांसमोर येतच नाहीत. ते भेटतात ते दिवाळीनंतरच्या खुल्या स्पर्धांत किंवा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास कुठल्या तरी मंडळाने भरवलेल्या सामन्यांत. म्हणून खुल्या स्पर्धांचे निकाल वहीत अवश्य घ्यावेत. नदीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा तोच एक पूल आहे.

बाद पद्धतीचा प्रश्न याहून मोठा आहे. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत एकूण पंधरा सामने होतात आणि त्यातील आठ संघ एकच सामना खेळून घरी परततात. चिठ्ठी वाईट निघाली आणि पहिल्याच फेरीत शहरातील बलाढ्य महाविद्यालय समोर आले, तर चांगला संघही सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत येतो, आणि चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाचा साधारण संघ दोन सोपे सामने जिंकून उपांत्य फेरीत दिसतो. ‘उपांत्य फेरी गाठली’ हे शब्द क्रमवारीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत. कोणाला हरवून गाठली आणि बाद झालेला संघ कोणाकडून, किती फरकाने बाद झाला, हे विचारावे.

अमेरिकेतही फेब्रुवारीच्या अखेरीस असाच पेच येतो. तेथील बहुतेक गट, ज्यांना कॉन्फरन्स म्हणतात, हंगामाच्या शेवटी आपापली बाद स्पर्धा घेतात. अशा प्रत्येक स्पर्धेत एक विजेता सोडून बाकी सर्व संघ हरूनच बाहेर पडतात, त्यामुळे एकाच आठवड्यात क्रमवारीतील अनेक संघांच्या खात्यावर पराभव लागतो. पण न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा, सेंट लुईस अशा दूरदूरच्या शहरांतील महाविद्यालयांची युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशन ही कॉन्फरन्स अशी स्पर्धा घेतच नाही. साखळीत पहिला येणारा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. जो मतदार ‘या आठवड्यात हरला, खाली घाला’ एवढेच जाणतो, तो त्या गटातील संघांना न खेळल्याचे बक्षीस देतो. आपल्याकडे पहिल्या फेरीत पुढे चाल मिळालेल्या, म्हणजे न खेळताच पुढे गेलेल्या, संघाला वर चढवणे हे त्याच प्रकारचे आहे.

प्रतिस्पर्ध्यांचा कस मोजण्यासाठी एक जुने सूत्र मला अजूनही उपयोगी वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने १९८१ पासून अनेक वर्षे ते वापरले. मोठ्या महाविद्यालयांच्या डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी २०१८ साली त्याची जागा दुसऱ्या मोजमापाने घेतली, पण कागद-पेन्सिलीने करता येण्यासारखे तेच आहे. संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला पाव वजन, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला निम्मे आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले पाव. समजा एका संघाने बारापैकी दहा सामने जिंकले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजयाचे प्रमाण ०.४० आहे, दुसऱ्याने बारापैकी आठच जिंकले, पण त्याचे प्रतिस्पर्धी ०.६० चे आहेत; आणि तिसरा आकडा दोघांसाठी ०.५० आहे. पहिल्याची बेरीज ०.५३३ येते, दुसऱ्याची ०.५९२. चार पराभवांचा संघ दोन पराभवांच्या संघापुढे गेला, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तसेच असायला हवे. प्रतिस्पर्ध्याचे प्रमाण काढताना आपल्या संघाशी झालेला त्याचा सामना वगळावा, नाहीतर आपण जिंकलो म्हणून आपलाच प्रतिस्पर्धी कमजोर ठरतो. आपल्या सात-आठ सामन्यांच्या हंगामात या आकड्यावर सगळा भार टाकता येत नाही; तो कच्ची यादी लावण्यापुरता घ्यावा.

गुणांच्या फरकाचे काय करावे, यावर दरवर्षी वाद होतो. माझा नियम असा आहे की पंधरापेक्षा मोठा फरक मी पंधराच धरतो. वीस गुणांची आघाडी मिळाल्यावर चांगला प्रशिक्षक आपले मुख्य खेळाडू बाकावर बसवतो आणि प्रथम वर्षाच्या मुलांना खेळवतो. ज्याने तसे केले नाही त्याला आपण अधिक गुण का द्यावेत?

संघाने केलेले गुण मोजताना त्याला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला हेही पाहावे. बास्केटवर मारलेले एकूण फटके घ्यावेत, त्यातून स्वतःच्या चुकलेल्या फटक्यावर पुन्हा मिळवलेले रिबाउंड वजा करावेत, हातचे गमावलेले चेंडू मिळवावेत आणि एकूण फ्री थ्रोंना (फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींना) ०.४४ ने गुणून तेही मिळवावे. ६२ फटके, १० रिबाउंड, १६ गमावलेले चेंडू आणि १८ फ्री थ्रो असतील तर सुमारे ७६ ताबे होतात. त्यांत ६८ गुण केले म्हणजे शंभर ताब्यांमागे ८९. दुसऱ्या एखाद्या सामन्यात कोणी ५० फटके, ८ रिबाउंड, १० गमावलेले चेंडू आणि १५ फ्री थ्रो यांवर ६० गुण केले, तर तेथे ताबे ५९ च्या आसपास होते आणि शंभरामागे १०२ गुण पडतात. धावपळीच्या ६८ गुणांपेक्षा हे ६० गुण चांगले आहेत. सामन्याच्या वेळी एका विद्यार्थ्याला चार रकाने आखून बसवले की ही नोंद सहज होते. आमच्या महाविद्यालयात हे काम बी. ए. प्रथम वर्षाची एक मुलगी करते आणि तिच्या नोंदी पंचांच्या टेबलापेक्षा कमी विश्वासार्ह नसतात.

आकडे झाल्यावर अंतिम गुणसंख्येच्या आत शिरावे लागते, आणि त्यासाठी स्कोअरशीटसारखा साक्षीदार नाही. डिसेंबरमधील एक सामना सांगतो. सिमेंटचे उघडे मैदान होते, उत्तरेचा वारा होता आणि यजमान संघ ६१-५८ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी तेथील शिक्षकांकडून स्कोअरशीट मागून घेतले. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या शाईने, अशी त्याची रीत असते. पाहुण्या संघाच्या आठ क्रमांकाच्या खेळाडूच्या नावापुढील फाऊलचे पाचही चौकोन भरलेले होते आणि पाचव्या चौकोनातील शाई लाल होती. म्हणजे पाच फाऊल होऊन तो तिसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर गेला होता. तोपर्यंत त्याचा संघ नऊ गुणांनी पुढे होता. शिवाय पाहुण्यांच्या यादीत आठच नावे होती. चौकशी केली तेव्हा उरलेली चार मुले घरी वेचणीला गेल्याचे कळले, कारण मजूर मिळत नव्हते आणि भाव उतरण्याआधी कापूस घरात येणे गरजेचे होते. मी त्या दोन संघांना वहीत शेजारी ठेवले, पण हरलेल्याला वर. जानेवारीत ते खुल्या स्पर्धेत पुन्हा भेटले तेव्हा पाहुणा संघ बारा खेळाडूंनिशी आला आणि अकरा गुणांनी जिंकला.

गैरहजर खेळाडूंविषयी मात्र सरसकट सवलत देऊ नये. कोण परत येणार आहे आणि कोण येणार नाही, हे वेगळे करावे. वेचणीला गेलेला मुलगा पंधरा दिवसांनी परत येतो. पोलीस भरतीत निवड झालेला येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका संघाला शेवटपर्यंत पहिल्या क्रमांकावर ठेवले, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याने सगळ्यांना हरवले होते. त्याचा सव्वासहा फुटी पिव्होट, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, डिसेंबरच्या मध्यावर भरतीच्या प्रशिक्षणाला निघून गेला होता आणि त्यानंतरच्या चारपैकी तीन सामन्यांत त्या संघाचे रिबाउंड निम्म्यावर आले होते. ही माहिती माझ्याच वहीत होती; मी ती वाचली नाही. त्या वर्षी खऱ्या अर्थाने पहिल्या असलेल्या संघाला माझ्या कागदामुळे दुसरा क्रमांक मिळाला, आणि त्या मुलांची ती शेवटची संधी होती. तेव्हापासून मी प्रत्येक संघाच्या पानावर शेवटच्या चार सामन्यांखाली रेघ मारतो आणि तेथे खेळलेल्या पहिल्या पाच जणांची नावे लिहितो. नोव्हेंबरचे विजय पुसायचे नसतात, पण ते आज मैदानावर असलेल्या मुलांनी मिळवलेले आहेत का, हे तपासायचे असते.

आता क्रम लावावा. एकदम एकपासून दहापर्यंत लिहू नये. कच्च्या यादीतील शेजारचे दोन-दोन संघ घ्यावेत आणि एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी हे दोघे तिसऱ्याच गावच्या मैदानावर, दोघांनाही सारखाच प्रवास करून, खेळले तर कोण जिंकेल? मैदान तिसऱ्या गावचे धरणे महत्त्वाचे आहे, कारण उघड्या मैदानावर यजमानाला वारा कुठून येतो, बोर्ड कुठे सैल आहे आणि चेंडू कुठल्या भेगेवर उडतो हे ठाऊक असते. यजमानाने आपल्या गावात तीन-चार गुणांनी मिळवलेला विजय मी बरोबरीच धरतो. उत्तर बदलले की जागा बदलावी आणि पुन्हा वरपासून खाली यावे. दोन-तीन फेऱ्यांत यादी स्थिर होते.

पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवले, अशी साखळी प्रत्येक हंगामात सापडते. अशा वेळी ‘त्यांनी यांना हरवले आहे’ हे वाक्य निर्णायक ठरत नाही, कारण तिघांकडेही ते आहे. तेव्हा समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी पाहावी आणि त्या तीन सामन्यांतील कोणता सामना कोणाच्या मैदानावर झाला ते पाहावे. दोघांचाच प्रश्न असेल आणि बाकी सारे जवळजवळ समान असेल, तर मात्र समोरासमोरच्या निकालाचा मान राखावा. जिंकलेल्या संघाला खाली ठेवायचे असेल तर कारण भक्कम लागते, वर सांगितलेल्या स्कोअरशीटइतके तरी.

स्वतःच्या महाविद्यालयाचा संघ यादीत सर्वांत शेवटी घालावा. आधी बाकीचे नऊ-दहा संघ पक्के करावेत आणि मग आपला कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते ठरवावे. आपल्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी जेथे प्रशिक्षक आहे त्या संघाबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण तेथे माया अधिक सूक्ष्मपणे काम करते. असोसिएटेड प्रेसच्या मतदारांचे कागद नावासह सर्वांना पाहता येतात; आम्हीही सही करून कागद देतो आणि बेरजेसोबत सर्व कागद वाटतो. ज्याच्या संघाला आपण आठवे ठेवले त्या शिक्षकाला पुढच्या आठवड्यात भेटायचे आहे, ही जाणीव मतदाराला सावध ठेवते.

पहिल्या तीन ओळींवर सगळे तासभर घालवतात, पण त्यांवर फारसे दुमत नसते. खरे काम आठव्या, नवव्या आणि दहाव्या ओळीवर असते, जेथे पाच-सहा संघ दोन जागांसाठी जवळजवळ सारखे असतात. माझा अर्धा वेळ मी तेथे देतो. मेळघाटच्या पायथ्याच्या किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या महाविद्यालयाने वर्षभरात पाचच सामने खेळलेले असतात, कारण जवळचे मैदान साठ किलोमीटरवर असते आणि शेवटची एसटी लवकर निघते. पाच सामने थोडे आहेत हे खरे, पण ते कोणाशी खेळले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेले असताना कसे खेळले हे पाहिले तर पाचही पुरतात. अशा संघाला दहावी ओळ देण्याआधी मी त्यांचा एक तरी सामना प्रत्यक्ष पाहतो. ते जमले नाही तर त्यांच्याशी खेळलेल्या दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांना विचारतो, आणि त्यांतील एक त्यांच्याकडून हरलेला असावा याची दक्षता घेतो.

कागद रविवारी रात्री द्यायचा असतो. रविवारी संध्याकाळी कुठे सामना चालू असेल तर त्याचा निकाल येईपर्यंत थांबावे, पण निकाल आल्यावर पूर्ण यादी हलवू नये. फक्त त्या दोन संघांचा शेजाऱ्यांशी असलेला प्रश्न पुन्हा विचारावा. मग दहा नावे शाईने लिहावीत, प्रत्येक नावापुढे अर्ध्या ओळीचे कारण लिहावे आणि कागद देण्याआधी त्याची एक प्रत वहीत चिकटवावी.